मोहाचं तेल

“तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” म्हणत अक्का शाळेच्या फाटकाशी चपलेचा पट्टा चाचपत उभ्या राहायच्या. इतका नाजूक पट्टा अख्ख्या धुळ्यात दुसरा नसेल. तो रोज तिथेच बिघडायचा आणि आम्ही पुढे गेलो की आपोआप नीट व्हायचा.

अक्का शिवणाच्या बाई, मी मराठीची. घरंही एकाच गल्लीत. आता त्या मुलाकडे पाचोऱ्याला असतात. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा लहान आणि आत वळलेला. त्यामुळे चपलांचे वेगवेगळ्या मापांचे दोन जोड घ्यावे लागत. “उरलेला जोड जिला बसेल ती माझी खरी बहीण,” म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण भिंतीला हात टेकून.

गोष्ट साक्रीकडच्या त्यांच्या गावची. लहानपणी बैलगाडीतून उडी मारली आणि पाऊल टम्म सुजलं. मुरगळलं असेल असं समजून आईने मोहाचं तेल लावून ते ओढलं, चोळलं. आमच्याकडे सगळेच तसं करतात. सूज उतरली, पोर खेळायला लागली, विषय संपला. पुढे अंग वाढत गेलं आणि ते पाऊल मागे राहिलं.

दुखणं वाढलं तेव्हा मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढून सांगितलं, “अंगठ्यामागचं हाड जिथून वाढतं, तीच जागा तेव्हा मोडली होती. चोळायला नको होतं, प्लास्टर हवं होतं. आता तरी ऑपरेशन करून हाड सरळ करून घ्या, नाहीतर सांधे झिजत जातील.”

अक्का ऐकेनात. “माय दवाखान्यात येऊन बसेल. कशाने झालं म्हणून विचारेल.”

“डॉक्टरांना आधीच सांगून ठेवू की.”

“ती माझ्या तोंडाकडे पाहील ना!”

मी चिडले. इतक्या वर्षांनी आईपासून कसलं लपवायचं? मग एकदा आई आली. आल्या आल्या लेकीचा पाय मांडीवर घेऊन म्हातारी गावाकडून आणलेलं तेल जिरवायला बसली. “धाकलपने बी मीच चोळं व्हतं. दोन दिनमा कशी पळाले लागनी!”

अक्कांच्या कपाळावर घाम आला होता.

“दुखस का वं?”

“नही माय. बरं वाटस.”

आई त्यानंतरही बरीच वर्षं जगली. दर खेपेला तेल आणलं, दर खेपेला चोळलं. तेवढ्या काळात अक्कांचं चालणं घरापासून रिक्षापर्यंत येऊन ठेपलं. मला त्या मायलेकींचा राग यायचा आणि भरूनही यायचं.

आईचं दिवसकार्य आटोपून अक्का परतल्या, तेव्हा मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. हाड सरळ करण्याची वेळ निघून गेली होती. सांधा कायमचा जखडून टाकायचा, एवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी पाऊल हातात घेऊन जरासं दाबलं आणि अक्का मोठ्याने ओरडल्या. बाहेरची माणसं आत डोकावली.

“इतकं दुखतं?” डॉक्टरांनी दचकून विचारलं.

“फार,” अक्का रडत म्हणाल्या. “पहिल्यापासून.”