गाळलेलं पान

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी आम्हांला विद्युतचुंबकत्वाचा पेपर होता, आणि त्या वर्षभर मी वर्गातल्या एका मुलीवर जळत होते. ती गोव्यातल्या पेडण्याजवळच्या तुये गावची. वडील तिथल्याच एका कारखान्यात विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायचे. मी साखळी गावची, मास्तरांची मुलगी, अकरावीपासून शिकवण्या लावलेली. ‘कर्ल’ची, म्हणजे क्षेत्र एखाद्या बिंदूभोवती किती फिरतं त्याची, व्याख्या मी घोकून पाठ केली होती. तिने ती एकदाच ऐकली आणि कॅन्टीनमध्ये भाजीत पाव बुडवता बुडवता, हवेत बोट फिरवून मला ती समजावली. मला ती समजली, आणि त्याचाच जास्त राग आला.

दिवाळीनंतर तापामुळे ती आठवडाभर आली नाही. आल्यावर तिने माझ्या नोट्स मागितल्या. मी सुट्या कागदांवर लिहून ते फाइलला लावत असे. देण्याआधी त्यातलं एक पान काढून मी बॅगेत ठेवलं. कपॅसिटरपाशी अँपियरचा नियम कसा अडतो आणि त्यात कोणतं पद वाढवावं लागतं, ते सगळं त्या पानावर होतं.

चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. मी घोकलेलं पान जसंच्या तसं उतरवलं. पेपर परत मिळाले तेव्हा मला दहापैकी नऊ होते, तिला आठ. तिचं एक चिन्ह चुकलं होतं. तरी सरांनी फळ्यापाशी बोलावलं ते तिला. बाकीच्यांनी माझंच मला परत दिलंय, हिने स्वतः विचार केलाय, असं ते म्हणाले. तिने कपॅसिटरच्या एका प्लेटभोवती पिशवीसारखा पृष्ठभाग काढला. तारेतून करंट आत येतो, पिशवीतून बाहेर तर काहीच जात नाही, मग हिशेब जुळणार कसा, असं ती विचारत गेली आणि उत्तरापर्यंत पोचली. माझ्या हातातले नऊ गुण मला नकोसे झाले.

त्या दिवशी म्हापशाच्या स्टँडवर ती पेडण्याच्या बसची वाट पाहत होती. मी तिला पानाचं सांगून टाकलं.

“ठावूक हां माका,” ती म्हणाली. “तू पानांर नंबर घालतंस. चौदानंतर सोळा होतो.”

“मग बोलली का नाहीस?”

“माका वाटला, ता तुकाच कळूक नाय, म्हणून काढलंस.”

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. पण खरं तेच होतं. मला ते कळलंच नव्हतं. तिने एक बस सोडली आणि बाकावर बसून मला ती पिशवी पुन्हा काढून दाखवली. मी मुकाट्याने शिकून घेतलं. मत्सर तसूभरही कमी झाला नाही.

आता मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. कपॅसिटरपाशी आले की तीच पिशवी काढते. मुलांना वाटतं, ही युक्ती माझीच. मीही त्यांना तसंच वाटू देते.