चहू कोपऱ्यांतून पाहणाऱ्या डॉक्टरबाई

अख्ख्या नाशकात मी एकाच माणसापुढे आवाज खाली आणते, आणि ते माणूस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई. रोग्याच्या अंगातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे हा त्यांचा धंदा, आणि तो त्यांनी घरात, बाजारात, लग्नाच्या पंगतीतही चालू ठेवलेला. पेरू घेतला तरी फळवाल्याकडून उभा चिरून घेणार, आतलं नीट पाहणार, मगच पिशवीत टाकणार. माझ्या वाढदिवसाचा केक त्यांनी मेणबत्त्यांसकट एकसारख्या चकत्यांत कापला आणि जाहीर केलं, "कडेला ठीक आहे, मधे कच्चा." भाजीसुद्धा गोल कढईच्या चारी 'कोपऱ्यांतून' चाखतात. मी मोर्च्यांवर आणि पत्रकांवर वाढलेली मुलगी, माझं पहिलं जळजळीत पत्रक वाचून त्या म्हणाल्या, "क्रांतिकारक, हे एकाच कोपऱ्यातून लिहिलंयस." चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

घोटीच्या माझ्या काकूची मूत्रपिंडातली गाठ पित्ताशयाच्या सोनोग्राफीत अचानक सापडली. मूत्रपिंड काढलं. अहवाल आला: लांबट पेशी, कर्करोगाचा झपाट्याने पसरणारा प्रकार. पुढच्या आठवड्यापासून जबर औषधं. काकूने सुनांना साड्या वाटून टाकल्या. मी पत्रक लिहायलाच बसले होते, तर बाई म्हणाल्या, "पत्रक नंतर. मेणात बसवलेले तुकडे आण, आणि लॅबमध्ये ठेवलेली उरलेली गाठही. मागायचा हक्क आहे तुमचा." लॅबने दिलेले मेणाचे ठोकळे काकूने उन्हाने वितळतील म्हणून तांदळाच्या कोठीत पुरले होते! बाईंना एका ठोकळ्याला चिकटलेला इंद्रायणी तांदळाचा एक दाणा सापडला.

ठोकळे सगळे गाठीच्या एकाच कडेचे निघाले. बाईंनी उरलेल्या गाठीतून चहू बाजूंनी नवे तुकडे घेतले, आणि तिसऱ्या दिवशी मला सूक्ष्मदर्शकापुढच्या खुर्चीत ढकललं. "बघ. लांबट पेशी आहेत, पण केंद्रकं कशी शांत! त्यांच्यात या बारीक नळ्या. आणि मधे हा बुळबुळीत द्रव, खास रंग दिला तर निळा झाला बघ." मग टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. "दुर्मीळ आहे गं ही गाठ, पण बहुतेकदा स्वभावाने गरीब! लांबट पेशी दिसल्या की माणसं घाबरतात." कर्करोगाच्या डॉक्टरांनी तुकडे बसवलेल्या काचा स्वतः पाहिल्या आणि मान्य केलं. जबर औषधं रद्द. फक्त ठरल्या वेळी तपासणी. मी जिन्यातच घोषणा दिली. फोनवर काकू रडली, मग म्हणाली, "म्हंजे आता साड्या परत मागू का गं? लय अवघड हाय!"

या दिवाळीला, तिसऱ्या वर्षाची तपासणी स्वच्छ आल्यावर, काकू तांदळाची गोणी घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली. आयुष्यभर तुकडे पाहिलेल्या बाई अख्ख्या माणसापुढे गोंधळल्या. "बसा," एवढंच म्हणाल्या. मग काचांच्या पेटीतून एक चिमुकली डबी काढली. आत तो दाणा. "हा तुमचा."

"राहू द्या तुमच्यापाशीच," काकू म्हणाली.

बाईंनी डबी पुन्हा पेटीत ठेवली. तिथे हजारो माणसांच्या काचा आहेत. त्यांतलं दारापर्यंत आलेलं हे पहिलंच माणूस.