बांबूमागचा खड्डा

माझी थोरली आत्या, तिया मेलान्या, नव्या माणसावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवत नसे. दुसऱ्या दिवशीही क्वचितच. लग्न केलं नव्हतं. गावच्या चॅपेलच्या किल्ल्या तिच्या गळ्यात, गावाचा संत सान इसिद्रो, त्याच्या मूर्तीला झगा शिवायचा मान तिचा, आणि चॅपेलच्या आवारातल्या हातपंपावर सत्ताही तिचीच.

पास्टर एलिसेओ नेग्रोस बेटावरून मिशनच्या कामासाठी आमच्या डोंगरात आला आणि बांबूच्या बनालगत झोपडी बांधून राहिला. बायको नोएमी पोटुशी होती. हा घरोघर जाऊन गिटारवर भजनं म्हणायचा, तापाच्या गोळ्या द्यायचा, म्हाताऱ्यांना बायबल वाचून दाखवायचा.

"माडी पीत नाही, कोंबड्यांच्या झुंजीला जात नाही," तिया म्हणाली. "मग हा बाबा जगतो कशाला? आणि आला तो इथंच का?"

"देवाचं सांगायला आलाय म्हणतो," माझी आई म्हणाली.

"देव आमच्या आज्यापणज्यापासून इथंच आहे. तो नेग्रोसहून कशाला आणायला हवा?"

मग ते खणणं सुरू झालं. दुपारची जेवणं उरकून गाव आडवं झालं, की बनामागून धप्प, धप्प आवाज. पुढं झावळ्यांचा आडोसा. युद्धात जपान्यांचा तळ त्याच बनात होता, आणि पळताना ते सोनं पुरून गेले, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तियानं खिडकीत जपमाळ घेऊन ठाण मांडलं. मणी ओढायची आणि कान तिकडं. शेवटी ती गावप्रमुखाकडं, कपितान फौस्तोकडं गेली.

"बायबलच्या आड कुदळ आहे, कपितान."

कपितानाचे डोळे चमकले. "सोनं निघालं तर गावाचाही हक्क लागतो हां, तिया."

"आधी चला तरी."

भर दुपारी दोघं निघाली; आईही मागोमाग गेली. कपितानानं झावळ्या बाजूला सारल्या. खड्डा पुरुषभर खोल होता आणि तळाशी पास्टर, कमरेपर्यंत लाल चिखलात.

"काय लागलं?" तियानं वरून विचारलं.

"अजून काही नाही. पाणाडी म्हणाला, आणखी बरंच खाली जावं लागेल."

"पाणी?" कपितान हसला. "अरे, चॅपेलात पंप आहे की! आम्हाला काय खुळे समजतोस?"

तेवढ्यात नोएमी ओढ्याकडून आली. पोट पुढं आलेलं, काखेत बादली, पाणी गढूळ. तिनं बादली टेकवली आणि दम खात म्हणाली, "मी गेले की तिथं साखळी असते, कपितान. तिया म्हणतात, वायसर गेलाय."

कपितान तियाकडं बघत राहिला. त्यानं सकाळीच त्या पंपावर अंघोळ केली होती. तिया माळ कनवटीला खोचून तरातरा घरी आली आणि आईवरच खेकसली, "तुला कुणी बोलावलं होतं तिकडं?"

दुसऱ्या दिवसापासून साखळी दिसली नाही. नोएमी पाणी भरायची, तिया झाडू मारत पाठमोरी राहायची. पुढं खड्ड्यात कातळ लागला आणि पास्टरनं तो बुजवून टाकला. झालं, गावात नवी कुजबुज: सोनं काढलं, म्हणून बुजवला!

"मी वाकून बघितलंय," तिया ओरडायची. "चिखल होता नुसता! तो लबाड असेल, पण खड्ड्यात सोनं नव्हतं."

नोएमीला मुलगी झाली. बाळाला न्हाऊ घालायला तिया आपणहून जाऊ लागली, आणि तिथं तिला नवीनच घोर लागला. आमच्यात जन्मल्यावर लगेच डोक्यावर तीनदा पाणी घालून, देवाचं नाव घेऊन बाप्तिस्मा देतात; ही माणसं तान्ह्या पोराला देत नाहीत. मोठं होऊन स्वतः ठरवेल म्हणतात.

"आणि त्याआधी काही झालं तर? बाप्तिस्म्याशिवाय स्वर्गाचं दार उघडतं का?" तियानं विचारलं.

"देव सांभाळेल, तिया," पास्टर शांतपणे म्हणाला. तियाला तो शांतपणाच खटकला.

एका सकाळी न्हाऊ घालताना नोएमी दारात येऊन थबकली.

"तिया, डोक्यावर पाणी घालताना काय पुटपुटलात?"

"कुठं काय? पाणी कोमट आहे का, ते म्हणत होते."

"तीनदा घातलंत."

"साबण जात नव्हता."

नोएमीनं मुलगी उचलून पंच्यात गुंडाळली. "उद्यापासून मीच घालीन," ती हळू आवाजात म्हणाली.

त्यानंतर ती तियाला पोर द्यायची, पण नजर हलवायची नाही. तियाला त्याचा राग आला नाही. "शहाणी आहे बाई," ती आईला म्हणाली. "मीही असंच केलं असतं."