झोपाळ्याचा सांधा

बायको गेल्यापासून झोपाळ्यावर कुणी बसत नव्हतं. मीच येता-जाता रिकाम्या फळीला धक्का द्यायचो. त्यातच एक दिवस दोर वरच्या अंगाला तुटला.

मुलगा म्हणाला, "पापा, इलाइट चौराहे की दुकान से नई रस्सी ला देता हूँ." त्याला मराठी कळतं, तोंडात हिंदीच येते. मी म्हटलं, नको. त्या दोरावर हातभर जागा आहे, गुळगुळीत, काळपट. ही तिथे धरून बसायची, तेलाच्या हाताने. ती जागा दुकानात मिळत नाही.

झाशीजवळच्या मऊरानीपुरच्या मंडीत मी जन्मभर पोती बांधली. गाठ मारली, बसताच सरकली. आजारपणात हिचा हात वर जाईना, तेव्हा वेणी मीच घालायचो. म्हणून दोराचे तीन पेड सुटे केले आणि टोकांची वेणीच घातली. एका हिसक्यात सुटली.

सून बघत होती. ती मालवणकडची, बाप शिडाची होडी चालवायचा. झाशीत समुद्र कुठला, पण हात अजून तिथलाच.

"बाबा, ही काय वेणी आसा? असो दोर सांधलो तर माझो बापूस दर्यातना घराक इलो असतो काय?"

"मग तू सांध."

"मी नाय. तुमी करा, मी सांगतंय."

आधी तिने त्या काळपट जागेवर हात ठेवला. "आईंचो हात हय. सांधो हेच्या वर." मी तिला काही सांगितलं नव्हतं. पोरीने आपणहून पाहून ठेवलेलं.

दोन्ही टोकांचे पेड बोटांत बोटं घालावी तसे समोरासमोर बसवले. मग स्क्रू काढायच्या पेचकसाने पीळ उघडायचा, एक पेड ओलांडायचा, पुढच्याच्या पोटाखालून टोक काढायचं. चुकलं की म्हणायची, "उकला." दया नाही. अशी माणसं मला आवडतात.

माझा हात ओढताना हलका पडत होता.

"ओढा बाबा. दोर आसा, केस न्हयत. दुखाचा नाय."

मी ओढलं. चांगलं दात-ओठ खाऊन ओढलं.

सांध्यात दोर आखूडला, फळी तिरकी झाली. सुनेने कडीपासची गाठ सोडून वीतभर दोर खाली दिला. फळी सरळ झाली, आणि ती काळी जागा बरोबर हिच्या हाताच्या उंचीला आली.

ही बसायची त्या बाजूला मी बसलो. तिथेच धरलं. सांधा एकदा करकरला, मग गप्प झाला.

"धक्को देऊ?"

"दे," म्हटलं.