सिमेंटच्या आतला खांब

गेल्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, गिरगावच्या फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या तळमजल्यावरचा एक खांब फोडला. सिमेंटच्या आत सागवान निघालं.

त्याआधी महिनाभर चाळीत धुसफूस सुरू होती. मालकाने आणलेल्या इंजिनिअरने खांबांवर हातोडी मारून पाहिली होती. आवाज पोकळ येतो, काँक्रीट खिळखिळं झालं आहे, इमारत धोकादायक आहे, असं त्याने सांगितलं. म्हणजे खोल्या रिकाम्या करायच्या. माझी आई पहिल्या मजल्यावर एकटी राहत होती. लग्न होऊन ती याच खोलीत आली आणि तिथून हलायला तयार नव्हती. एकदा बाहेर पडलेलं बिऱ्हाड परत येतंच असं नाही, हे गिरगावात कुणाला सांगावं लागत नाही.

इंजिनिअर मालकाच्या खिशातला, यावर चाळीचं एकमत होतं. पुरावा कुणाकडेच नव्हता. संशय मलाही होता. तो माणूस वरच्या मजल्यावर गेलाच नव्हता.

एक खांब फोडून बघू, असं मी सुचवलं. ज्यांच्या खोलीत तो खांब होता, ते तळमजल्यावरचे काका नाही म्हणाले. संशयाला आणखी एक धनी मिळाला.

"ह्यांनाही मालकाने काहीतरी दिलं असणार," आई गॅलरीतून म्हणाली. "नाहीतर नवा फ्रिज आला कुठून?"

"वहिनी, फ्रिज मुलाने घेतलाय, हप्त्यावर!" काका जिन्यातून ओरडले. "आणि कान अजून शाबूत आहेत माझे."

"मग खांबाला हात का लावू देत नाही?" मी विचारलं.

"आत लाकूड आहे म्हणून. लाकडी चाळ म्हटल्यावर मालकाच्या हातात कोलीतच."

मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. लाकडी चाळ दिसली की लोक नाकं मुरडत. वडिलांनी खांबांना जाळी ठोकून सिमेंट चढवलं आणि बांधकाम पक्कं असल्याचं पाहुण्यांना सांगितलं.

"लग्न जमलं?"

"जमलं ना! मग काय, चाळीत रांगच लागली. वहिनी, तुमच्या सासऱ्यांनीही तोच गवंडी बोलावला होता."

हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं आई म्हणाली. माझा विश्वास बसला नाही.

गुपित आता फुटलंच होतं, तेव्हा अखेर काका राजी झाले. सिमेंट निघाल्यावर दिसलं, खांब दगडी बैठकीवर उभा होता आणि माथ्याशी पाकळ्या कोरलेल्या होत्या. रहिवाशांनी बोलावलेल्या दुसऱ्या इंजिनिअरने लाकडाला भोक पाडून भुसा पाहिला. लाकूड कोरडं आणि टणक होतं. सिमेंटचं कवच लाकडापासून सुटलं होतं, म्हणून आवाज पोकळ येत होता. पहिल्या इंजिनिअरने लाकडाचा खांब काँक्रीटचा धरला होता. तो चुकला की त्याने मुद्दाम तसं केलं, हे मला शोधता आलं नाही.

दुसरा इंजिनिअर म्हणाला, "हा एक खांब चांगला आहे. बाकीच्यांचं फोडल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्यानंतर कुणीच दार उघडेना. काल काकांकडे बोट दाखवणारे आज म्हणू लागले, आमचा चांगलाच असणार. आमच्या खोलीतला खांब मोरीला लागून होता. आईने पाण्याचं पिंप सरकवून त्याच्यासमोर ठेवलं. धूळ होईल, म्हणाली.

"वहिनी, तुमच्याकडे कुठला फ्रिज आला आता?" काकांनी खालून विचारलं.

मी पिंपामागे वाकून खांबावर किल्लीने ठोकलं. आई म्हणाली, "तूसुद्धा त्यांच्यातलीच."

मे महिन्यात तिने पिंप स्वतः बाजूला केलं. का, ते सांगितलं नाही. खांब फोडला. वरचं लाकूड शाबूत होतं. मोरीचं पाणी सिमेंटच्या आत झिरपत राहिलं होतं आणि तळाचं लाकूड बोट लावताच भुगा होऊन पडलं.

त्याच आठवड्यात खांबाशेजारी लोखंडी टेकू लावला. खोलीत राहू नका, असं दुसऱ्या इंजिनिअरनेही सांगितलं. आई आता माझ्याकडे दादरला आहे. दुरुस्तीचं काम अजून सुरू झालेलं नाही.