आईच्या नावाचं खातं

नोकरीतली मोठमोठी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गुन्ह्यात कोण पंच होता, हेही धड सांगता येत नाही. पण एका दुपारी फोनवर मी उच्चारलेला एक शब्द अजून कानातून जात नाही. त्या प्रकरणात ना अटक झाली, ना दोषारोपपत्र दाखल झालं. तरी लिहायला बसलो की तेच आधी समोर येतं.

तेव्हा मी नागपुरात सायबर कक्षात होतो. बहुतेक तक्रारी बँकेतून पैसे गेल्याच्या असत. लोक घाबरलेले, चिडलेले येत. हे गृहस्थ मात्र लाजल्यासारखे आले. गांधीबागेतल्या ठोक कापड दुकानात आयुष्यभर नोकरी केलेले, विणकर घरातले. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता.

"साहेब, आमच्या मिसेसचा ईमेल हॅक झाला. पासवर्ड घेऊनच नाही राहिला."

"बँकेचं काही जोडलेलं आहे का?"

"नाही जी."

"मग एवढी घाई कशाची?"

"तिच्यावर एक मेल येते. उत्तर नाही गेलं तर लय घोळ होईल."

मेल कोणाचा, ते सांगेनात. 'पाहुण्यांचा' एवढंच. खातं बायकोचं, म्हणजे ती स्वतः यायला हवी, नाहीतर तिची लेखी संमती हवी. ती आजारी आहे, असं ते म्हणाले. मी अर्ज आवक करून घेतला आणि आमच्या हवालदाराला सही आणायला त्यांच्या घरी पाठवलं. हवालदार जुन्या वस्तीतलाच, गल्लीबोळ ओळखणारा. तासाभरात परत आला आणि कोरा कागद टेबलावर ठेवला.

"सही कोणाची आणू साहेब? भिंतीवर बाईच्या फोटोले हार चढला आहे. शेजारीण म्हणे, पोळ्याच्या आधीच गेली. अन् हे बुवा घरी नव्हते, नाहीतर मलेच चहा पाजून पाठवलं असतं."

माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाचं खातं चालवणारे मी पाहिले होते. त्यांच्यामागे बहुतेक वेळा पेन्शन असे, नाहीतर वाटणी. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून समोर बसवलं आणि आवाज चढवला.

"काका, बायको वारली आणि तुम्ही पोलिसांना ती आजारी आहे म्हणून सांगता? खातं कोण वापरत होतं?"

खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवून येतो. यांच्याकडे काहीच तयार नव्हतं. ते पिशवीची घडी घालत राहिले.

"मीच," ते म्हणाले.

मग हळूहळू बाहेर आलं. एकुलत्या एक मुलीनं वेगळ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं आणि ती बंगळुरूला गेली. यांनी घरात तिचा विषय बंद केला. फोन करायचा नाही, कोणी नाव काढायचं नाही. मायलेकींनी यातून वाट काढली. हे दुकानात गेले की दुपारी आई एक मेल लिहायची, मुलगी रात्री उत्तर द्यायची. यांना पत्ताच नव्हता. बायको गेल्यावर काही दिवसांनी तिचा मोबाइल वाजला. मेल होता: आई, काहून नाही लिहिलं? बरी आहेस ना?

"मग तुम्ही काय केलं?"

"लिहून टाकलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. एका बोटानं. मग तिचं पुन्हा आलं. मग मी पुन्हा."

"अहो, खरं का नाही सांगितलं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "खरं सांगितलं असतं तर तिनं मले लिहिलं असतं का साहेब?"

मी संगणकाकडे वळलो. मेलचा पत्ता टाकला, पासवर्ड विसरल्याचा पर्याय दाबला. पडद्यावर आलं, की सांकेतिक क्रमांक नोंदवलेल्या मोबाइलवर जाईल. त्या मोबाइल नंबरच्या जागी सगळे ठिपके होते, फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते.

"हा नंबर कोणाचा?"

ते चष्मा सावरत पुढे वाकले. "पोरीचा."

"दोन आकड्यांवरून कळलं?"

"पाठ आहे जी. लावला नाही कधी."

उलगडा झाला. आईचं खातं मुलीनंच उघडून दिलं होतं आणि नंबर स्वतःचा टाकला होता. तोच वापरून तिनं पासवर्ड बदलला आणि बाकी सगळीकडून खातं बंद केलं. हॅकर वगैरे कोणी नव्हताच. आता एक फोन करायचा राहिला होता.

ते उठून उभे राहिले. "साहेब, मी बोलू का?"

"थांबा, आधी मी बोलतो. तशी पद्धत आहे."

अशी कुठलीही पद्धत नाही. मला अर्ज त्याच दिवशी निकाली काढायचा होता, एवढंच. मी नंबर विचारला, लावला, ओळख दिली आणि ठरलेल्या आवाजात म्हणालो, "एका मयत महिलेच्या खात्याचा पासवर्ड तुमच्या नंबरवरून बदललेला दिसतो. त्याबद्दल..."

"कोण मयत?" ती म्हणाली.

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण हात अर्जाकडे गेला आणि मी नाव वाचून दाखवलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, पंचनाम्यात वाचतो तसं.  फोन कटला नाही. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी होत होती, ती ऐकू येत राहिली. वडील माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

दोन दिवसांनी ती नागपूरला आली. वडिलांकडे न बघता माझ्यासमोर बसली. पासवर्ड का बदलला, हे विचारल्यावर म्हणाली, "मी आईला गोळाभात कसा करतेस ते विचारलं होतं. उत्तरात लसूण होता. आईला लसणाचा वासही चालायचा नाही. मला वाटलं, यांनी आईचा फोन काढून घेतला. खातं बंद केलं तर ती कुठून तरी फोन करेल."

"शेजारच्या बाईले विचारून लिहिलं होतं," वडील जमिनीकडे पाहत म्हणाले. बेसनाचे गोळे घातलेला तो भात त्यांनी आयुष्यभर खाल्ला होता. त्यात काय पडतं, हे कधी विचारलं नव्हतं. अशी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांच्यात मीही आहे.

"खातं माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "त्यातलं आईचं कोणतं आणि यांचं कोणतं, ते मला वेगळं करायचं आहे."

मी तिला खातं पक्कं करायला मदत केली. नवा पासवर्ड, दुहेरी पडताळणी, जोडलेल्या मोबाइलांची तपासणी. खातं तिथून बंद झालं होतं, तरी यादीत आईचा मोबाइल अजून दिसत होता. तिनं तो काढून टाकला.

"मग मी कुठून लिहू?" वडिलांनी विचारलं. मला.

तिनंही मलाच सांगितलं. "साहेब, त्यांना म्हणा, लिहायचं तर स्वतःच्या नावानं लिहा."

त्यांचं स्वतःचं खातंच नव्हतं. मी तिथेच उघडून दिलं. पर्यायी मोबाइल नंबर मागितला गेला, तेव्हा त्यांनी दहा आकडे न अडखळता सांगितले. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं तो काढला आणि पडद्याकडे पाहिलं. नको म्हणेल असं मला वाटलं. मग तिनं त्यावर आलेल्या सांकेतिक क्रमांकाचे आकडे वाचायला सुरुवात केली. ते एका बोटानं दाबत होते, एक आकडा चुकला.

"नऊ नाही, सहा," ती म्हणाली. "चष्मा लावा, बाबा."

हवालदार उगाचच बाहेर निघून गेला.

खातं चालतं का ते पाहायला त्यांनी माझ्या खासगी पत्त्यावर एक मेल टाकला: 'नमस्कार साहेब. पोचला का?' मी पडद्यावर पाहून मान डोलावली. उत्तर लिहिलं नाही. अर्ज निकाली निघाला. पुढे मुलीनं त्यांना लिहिलं की नाही, हे मला माहीत नाही. तेवढं विचारायची कागदात जागा नसते.

आता निवृत्त होऊन काही काळ झाला. घरात मी एकटाच असतो. मुलगा परगावी आहे, सणाला फोन येतो. गेल्या महिन्यात, लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो तसा, स्वतःचा पासवर्ड बदलायला बसलो आणि जुने मेल चाळताना काकांचा तो मेल सापडला.

बातमी सांगायचा पहिला हक्क कोणाचा आहे, हे विचारल्याशिवाय फोन उचलू नये. त्या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं. तो हक्क त्या वडिलांचा होता आणि त्यांनी तो माझ्याकडे उभं राहून मागितला होता. ती बातमी वडिलांच्या तोंडून गेली असती, तर निदान रडायला तिच्यासोबत कोणीतरी असतं.

मी उत्तर लिहिलं. 'पोचला. त्या दिवशी तुम्हाला बोलू द्यायला हवं होतं.'

तेव्हापासून रोज सकाळी मेल उघडतो. विजेचं बिल असतं, जाहिराती असतात. त्यांचं काही आलेलं नाही. आलं, तर त्याच दिवशी उत्तर देईन.