उंच स्टूलवरचा दसरा

अमरावतीत मंदिराच्या रस्त्यावर आमचं हारफुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी ओटा आणि वर ताडपत्री. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या ओट्यावर सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून हार ओवत आले. त्यामुळे अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं, "दोन्ही गुडघे पार घासलेत, सांधे बदलावे लागतील, तोवर मांडी बंद, उकिडवं बसणं बंद," तेव्हा मला ऑपरेशनपेक्षा मांडीचीच जास्त धास्ती वाटली.

अकोल्यात माझी मोठी बहीण राहते. ऑपरेशननंतर तीच माझं करणार होती, म्हणून तिथे दाखवलं. पण ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. माझी साखर वाढलेली होती आणि ती उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. दुखण्याच्या गोळ्याही त्यांनी कमी केल्या.

परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, "तू आता घरी राय. मी अन् आई पायतो दुकान."

"घरी बसून काय करू? बसल्याबसल्या तर गुडघे अजून आखडतेत," मी म्हणाले. "मले बसाची जागा उंच करून दे, बस."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मागच्या गल्लीतल्या सुतारभाईंकडे गेले. त्यांच्याकडच्या एकेका खुर्चीवर, बाकावर बसून पाहिलं. जिथून हाताचा जोर न लावता उठता येईल तेवढी उंची मला हवी होती. शेवटी एका बाकाखाली विटा लावल्यावर ती सापडली. सुतारभाई हसले. "भाभी, असा स्टूल तर ब्यांकेत असते."

"मंग समजा, ब्यांक उघडून राहिली मी."

स्टूल आला, त्याच्या मापाचं टेबल आलं आणि घरात सासूबाईंचा अबोला आला. "देवाची फुलं खाली बसून ओवावी. असं दारूच्या दुकानावानी टेबल मांडून कोणी हार इकते काय?" एवढं बोलून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की नवऱ्यामार्फत सांगायच्या. रस्त्यापलीकडच्या हारवाल्या तर ओरडायच्याच, "कलेक्टर मॅडम, दोन गजरे द्या!" मी त्यांच्यासमोर हसायचे. घरी येऊन एकदोनदा रडलेही. पण स्टूल हलवला नाही.

डॉक्टरांकडच्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मला सांगितलं होतं, मांडीचे स्नायू आत्ता बळकट केले तर नंतर चालणं सोपं जाईल. मग सकाळी पलंगावर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, आणि दुकानात सुई चालू असताना टेबलाखाली एकेक पाय सरळ करून धरायचा, असं सुरू केलं. पाय थरथरायचा. चहातली साखर सोडली. गिऱ्हाईक प्रेमानं पेढा द्यायचं, तो मी नवऱ्याच्या हातावर ठेवायचे. गुडघे दुखायचेच, पण साखर हळूहळू उतरली आणि दसऱ्याच्या आधीची तारीख मिळाली.

मी पिशवी भरून अकोल्याला गेले. तिथे तपासणीत दाढेखाली पू निघाला. डॉक्टर म्हणाले, "तिथले जंतू नव्या सांध्यात गेले तर सगळं बिघडेल. आधी दाढ, मग गुडघा." बहिणीनं माझ्यासाठी कमोडची खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्या खुर्चीकडे पाहून मला तोंड फिरवावंसं वाटलं. मी दाढ काढली आणि गाल सुजलेला असतानाच परत आले.

दसऱ्याला भातकुलीकडच्या शेतांतून झेंडूची पोती येऊन पडली. त्या दिवशी घरात बसायचं म्हणजे वर्षाचा धंदा सोडायचा. मी पहाटेपासून स्टूलवर होते. थोडा वेळ बसायचं, मग काठी धरून उभं राहायचं, पुन्हा बसायचं. दुपारी गर्दी जरा ओसरली. सासूबाई ओट्यावरून उठायला गेल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. नवऱ्यानं बखोटीला धरून उभं केलं. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच दिवसांनी सरळ माझ्याशी बोलल्या.

"तुया स्टूल दे मले जराकसा."

मी उठले. त्या चढून बसल्या खऱ्या, पण ठेंगण्या असल्यामुळे पाय अधांतरी लोंबू लागले. मला हसू आवरेना. त्याही हसल्या. "हासते काहून वं? त्या सुतारले सांग, माया पायाच्या मापाचा कर एक."

दिवाळीनंतर माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लगेचच वॉकर देऊन उभं केलं. चालणं जमलं, पण गुडघा वाकवताना मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. बहीण म्हणाली, "बोंबल, पण वाकव." मी तेच केलं.

आता मी पुन्हा दुकानावर जाते. सासूबाई शेजारी त्यांच्या बुटक्या स्टूलवर असतात. उजव्या पायावर बिनघोर भार देता येतो. डावा अजून कुरकुरतो. त्याला रोज टॉवेल दाबायला लावते. लग्नसराई आटोपली की अकोल्याला जाऊन त्याची तारीख घेणार आहे.